आतोबांचा लष्करी कोट

सोलापुरात कडाक्याची थंडी कधी पडली नाही, तरी भवानी पेठेतले निम्मे पुरुष जाडजूड लष्करी कोटात घाम पुसत हिंडले, याला एकटे आमचे आतोबा जबाबदार होते. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. पेठेत त्यांचं शिंप्याचं दुकान. काहीही शिवायला द्या, तो कपडा फौजेत भरती झालाच म्हणून समजा. नवरदेवाच्या कोटाला खांद्यांवर पट्ट्या, किराणावाल्याच्या कोटाला पितळी बटणांच्या दोन रांगा आणि पाठीवर पट्टा. शिवाय सगळे कोट खांद्यात एकाच मापाचे. भजनातल्या पेटीवाल्याच्या बाह्या तर वाजवताना पेटीवर लोळायच्या. तो कुरकुरला तेव्हा आतोबा शांतपणे म्हणाले, "खांदं भरत्याल की. कोटाला काय झालंय?" आणि गंमत अशी, की लोक पुन्हा तसलाच कोट शिवायला यायचे. तो अंगात घातला की किराणावालाही ताठ चालायचा.

मूळ कोट त्यांच्या मुलाचा. तो मोठ्या लढाईतून सुखरूप परतला आणि मानमोडीच्या तापाच्या साथीत घरीच वारला. खुंटीवरचा त्याचा कोट पाहून गिरणीतल्या एका जॉबरला, म्हणजे मुकादमाला, तस्साच हवासा वाटला. बेतणी नीट कळावी म्हणून आतोबांनी कोट उसवला. संध्याकाळी पुन्हा जोडायचा होता. पण दुसरं गिऱ्हाईक आलं, मग आणखी. ते तुकडे नव्या कापडावर ठेवायचे, खडूने आखायचं आणि कडेकडेने कात्री चालवायची, हेच होऊन बसलं. आत्या दिवेलागणीला म्हणायची, तेवढा एकदा शिवून ठेवा. आतोबा हो म्हणायचे. एका दिवाळीत खरंच शिवायला बसले, तर कात्री लागून लागून कडा गेलेल्या. शिवणीपुरतंही कापड उरलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवले आणि पोराचा एक कोट तेवढा जोडता आला नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

पुढे एकदा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा एक तरुण त्याचा शिवलेला कोट न्यायला आला. त्याने तो घातला आणि खांदे अगदी बरोबर बसले. आतोबा बघतच राहिले. मग म्हणाले, "जरा पाठमोरं हुबं ऱ्हावा," आणि त्यांनी आत्याला हाक मारली. ती हात पुसत दारात आली आणि बराच वेळ त्या पाठीकडे बघत राहिली.

"आपला जरा वाकून चालायचा," म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर आतोबांनी तसा कोट शिवला नाही. हल्ली बाजारात तयार कोट मिळतात, त्यांच्याही खांद्यांवर पट्ट्या असतात. आतोबा गेले. आत्या मात्र त्या तुकड्यांना अजून दर उन्हाळ्यात ऊन दाखवते आणि संध्याकाळी घडी करून ठेवते.