डाव्या बाजूचा रस्ता

बांधकाम खात्याच्या एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर साहेबांची जीप धरणगावपुढच्या तिसऱ्या मैलात दाणकन आपटली. साहेब खाली उतरले.

"हा मैल कोणाचा?"

टोपलं खाली ठेवून सुखदेवनाना पुढे आले. ते आमचे मैलकुली. ठरलेल्या मैलातले खड्डे बुजवायचे, गवत काढायचं, हे त्यांचं काम. वीस वर्षं करत होते.

"कामात हयगय. ओव्हरसियर, रिपोर्ट द्या. याला काढून टाकू."

ओव्हरसियर मी.

जीप गेल्यावर नाना एवढंच म्हणाले, "भाऊसाहेब, मी सकायले मुरूम टाकस, दुपारलोंग गायब व्हई जास."

का होतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. स्टेशनवरून आतल्या गावातल्या कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या बॉयलरला कोळसा जायचा. ट्रकच्या फाळक्यांवर आणखी फळ्या ठोकलेल्या, त्यावरही ढीग. पण रिपोर्टला पुरावा लागतो.

दुसऱ्या दिवशी मी दोरी आणि फूटपट्टी घेऊन गेलो. रस्त्यावर आडवी दोरी ताणली आणि मोजत गेलो. स्टेशनकडून जाताना डावी बाजू चार-चार इंच खचलेली. उजवी जवळजवळ सपाट. ट्रक भरून जायचे डावीकडून, रिकामे परतायचे उजवीकडून. नानांनी हयगय केली असती तर दोन्ही बाजू बिघडल्या असत्या.

मग डाव्या चाकोरीत खणून पाहिलं. आमचे रस्ते म्हणजे खडी, वर मुरूम, पाणी मारून रोलर. डांबर नाही. ती खडी वजनाने खालच्या काळ्या मातीत पार रुतली होती.

हे सगळं लिहून माझ्या वरच्या डेप्युटी इंजिनिअर साहेबांकडे नेलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"बरोबर आहे. पण कोळशाचं नाव कशाला?"

"साहेब, कारणच ते आहे."

"फॅक्टरीवाल्यांची ऊठबस कुणाकुणाशी आहे, ठाऊक आहे ना? उद्या चौकशी लागेल. ती संपेपर्यंत तुमचा मैलकुली घरी बसेल. 'जमीन खराब' लिहा. माणूस वाचेल."

मी नवा कागद घेतला. 'जमीन खराब' लिहिलं.

नाना कामावर राहिले. बातमी सांगायला मी मुद्दाम मैलावर गेलो. ते खूश होतील असं वाटलं होतं.

"आते जमीनना गुन्हा?" ते म्हणाले. "जमीन तं पहिलेपाईन तीच शे, भाऊसाहेब."

मी सायकल वळवून परत आलो.

माझ्या रिपोर्टवरून पुढल्या वर्षी एस्टिमेट मंजूर झालं. काळी माती काढून मुरूम भरला, वर खडी जुन्याच जाडीची. जास्त जाडी मागायला कारणच नव्हतं. कागदावर त्या रस्त्याने ट्रक जातच नव्हते. कापसाचे दोन हंगाम तो टिकला. मग डावी बाजू पुन्हा बसली.

पुढे नोकरीत बरेच रिपोर्ट लिहिले. कारण खोटं लिहिलं की दुरुस्ती त्या खोट्या कारणाचीच होते, एवढं त्या मैलावर शिकलो.