टाळ्या वाजवत वाचणारा वर्ग

किस्से काही कुणी जमवायला बसत नाही. मधल्या सुट्टीत चहा येतो, एक जण सांगतो, त्यावरून दुसऱ्याला आठवतं, आणि बघता बघता पोतं भरतं! आमच्या शाळेतलं निम्मं पोतं एकट्या मंजुषा मॅडमनी भरलंय.

शाळा शेंद्र्याच्या पुढं, जिल्हा परिषदेची. निम्मे पालक कंपनीत, निम्मे शेतात. मी चौथीला शिकवतो. मॅडम दुसरीवर आल्या त्या हातात खंजिरी घेऊनच. म्हणे, गाण्यातून वाचायला शिकवणार! स्टाफमध्ये कुणाचाच विश्वास नव्हता. माझा तर अजिबात नव्हता.

*

पहिल्याच दिवशी खंजिरी वाजली आणि हेडसर ऑफिसातून धावत आले. "मॅडम, गॅदरिंगला लई टाइम हाय अजून!"

"सर, मराठीचा तास चालू आहे."

हेडसर खिडकीपाशी उभे राहिले. आत पोरं चालीत म्हणत होती आणि एकेका अक्षराला टाळी देत होती. पा-व-सा-ळा. चार टाळ्या.

हेडसरांनी बराच वेळ ऐकलं. मग जाता जाता म्हणाले, "गाणं संपलं की निरोप धाडा. मी शिकवणं बघायला येतो!"

*

महिनाभरानं एक आजी नातीला हाताला धरून आली. दारातूनच सुरू!

"बाई, पोरीला काय केलंय तुम्ही? जेवाय बस म्हणलं की आधी टाळ्या वाजवती. देवापुढं टाळ्या, म्हशीपुढं टाळ्या. शेजारीण म्हणती, बाहेरचं काही असंल, खुलताबादला दर्ग्यावर नेऊन आण."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "न्या की. पण आधी तिला विचारा, खुलताबादला टाळ्या किती?"

पोरगी लगेच, "खु-ल-ता-बा-द. पाच!"

आजीनं नातीकडं बघितलं, मग हळूच स्वतःच्या बोटांवर मोजलं. "पाचच की गं!" म्हणाली. पण जाताना पुन्हा वळून मॅडमकडं संशयानं बघितलंच.

*

माझा संशय वेगळा होता. पोरं वाचत नाहीत, नुसतं पाठ म्हणतात!

एकदा मॅडमच्या वर्गातल्या समीरला बोलावलं. "मुंगीची कविता वाच." पोरानं ओळीखाली बोट फिरवत, सुरात, न अडखळता अख्खी कविता म्हटली. मी खाली वाकून बघितलं. बोट हत्तीच्या धड्यावर!

मी पुस्तक घेऊन थेट मॅडमकडं. "हे बघा तुमचं वाचन!"

"पाठच आहे त्याला," मॅडम हसल्या. त्यांनी मुंगीचं पान काढलं. "समीर, यात 'साखर' कुठंय?"

समीर पहिल्या ओळीपासून गुणगुणायला लागला. बोट शब्दाशब्दानं सरकत गेलं आणि 'साखर'वर थांबलं. मी मुद्दाम दुसरा शब्द विचारला. पुन्हा तेच! तिसराही सापडला.

"मग परीक्षेत काय पेपर गुणगुणत सोडवणार का?" मी विचारलं.

"सोडवू द्या की! तुम्ही नाही का सर, पगाराचा मेसेज ओठ हलवत वाचत?"

*

मग तालुक्याहून साहेब आले. दुसरीत शिकवणं सोडून नुसतं गाणं चालतं, अशी तक्रार त्यांच्यापर्यंत पोचली होती. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "गाणं एकदम बंद. आता वाचा."

हेडसरांच्या कपाळावर घाम! मग एक पोरगं उठलं, सरळ, सपाट आवाजात वाचायला लागलं. दुसरं उठलं, तिसरं उठलं. साहेब खूश व्हायला लागले होते, तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. सगळ्या वर्गाचे पायांचे अंगठे एका लयीत फरशीवर आपटत होते!

"हे काय चाललंय?"

पुढच्या रांगेतलं पोरगं म्हणालं, "सायेब, तुम्ही तोंडाचं बंद करा म्हणलात ना!"

*

दिवाळीनंतर मेंढरं घेऊन एक कुटुंब वेचून झालेल्या कापसाच्या रानात उतरलं. त्यांची सोनी दुसरीत बसू लागली. बोलायची नाही, गायची नाही. नुसती गुडघ्यावर हळूच टाळी द्यायची. "ही काही शिकत नाय," असं आम्ही सगळ्यांनी ठरवूनच टाकलं.

एका सकाळी तिचा बाप प्रार्थनेआधीच आला. चेहरा ताणलेला.

"मॅडम कोण? एक इचारायचंय." मॅडम पुढं झाल्या.

"धाकट्याला खोकला झालाय. काल सांजच्याला हिच्या आईनं झोळीतून बाटली काढली, झाकणात औषध ओतलं. ही शेजारीच बसलेली. बाटलीवर बोट ठिवलं आन् गुडघा वाजवायली. 'फ-क्त... ज-ना-व-रां-सा-ठी.' मी म्हणलं, गप बस. तर पुन्हा तेच, मोठ्यांदा! पोराच्या तोंडाशी झाकण गेलं, तवा हिनं आईचा हातच धरला. मेंढरांचं औषध व्हतं ते, मॅडम! दोन्ही बाटल्या सारख्याच."

हेडसर पायरीवर खाली बसले. मॅडमनी सोनीला जवळ ओढलं.

बाप मात्र अजून त्यांच्याकडं रोखून बघत होता.

"ते समदं ठीक हाय. पण आमच्या झोळीत कोणती बाटली हाय, हे तुम्हाला कसं ठावं? आन् त्या बाटलीचं गाणं तुम्ही हिला कवा शिकवलं?"