केक बसला

कुकरचं झाकण उघडलं आणि केकच्या मधोमध भलामोठा खड्डा दिसला. मघाशी छान फुगला होता. मीच धीर न धरता दोनदा झाकण उचलून बघितलं, त्याचा हा परिणाम. नणंद माझ्या खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "अगंबाई, बसला की गं, वहिनी!"

बसला! मी त्याच्याकडे बघतच राहिले. खरंच, दिवसभर दमलेलं माणूस अंग टाकून टेकतं, तसा तो ऐसपैस बसला होता. या स्वयंपाकघरात असं कोण बसलंय आजवर? मी पोळ्या करते उभ्याने, फोडणी घालते उभ्याने, आणि माझा चहाही ओट्याशी उभ्यानेच पिऊन होतो. 'तूही बसून घे' असं सगळे म्हणतात खरं, पण तेवढ्यात कुणाला तरी गरम पोळी हवी असते. इथे पोळीने फुगायचं, पुरीने फुगायचं, ढोकळ्याने फुगायचं. टेकायची मुभा कुणालाच नाही.

"वरून क्रीम लाव, कळणारसुद्धा नाही कुणाला," नणंद हळूच म्हणाली.

"मुळीच नाही लावणार. त्याने काय चोरी केलीय का?"

मी स्टूल ओढलं, केक पुढ्यात घेतला आणि खड्ड्यातलाच ओलसर, गोड घास चमच्याने काढून खाल्ला. झकास लागला.

बाहेरून नवऱ्याची हाक आली, "अगं, केकचं काय झालं? आणि चहा ठेवतेस ना?"

"केक बसलाय," मी दुसरा घास घेत म्हटलं, "आणि मीही."