हे त्यांना चालत नाही

भेट देणं म्हणजे आपल्या आयुष्यातला थोडा काळ दुसऱ्याच्या हाती ठेवणं.

वाक्य माझं नाही. आमच्या ब्लॉकखालच्या एका दुकानाच्या कागदी पिशवीवर ते इंग्रजीत, सोनेरी अक्षरांत छापलेलं असे. पिशवीचा बंद साधारण लिफ्टपर्यंत टिकायचा. थोडा काळ, हे मात्र खरं होतं.

दुकान ताईंचं. बुकित बातोक या उपनगरातल्या आमच्या ब्लॉकला, म्हणजे इमारतीला, तळमजल्यावर एका बाजूला दवाखाना, दुसऱ्या बाजूला केस कापायचं दुकान आणि मध्ये हा एक गाळा. ताई मूळच्या मिरजेच्या, पण देश सोडून इथे येऊन वीसेक वर्षं झालेली. दुकान काढण्याआधी त्या एका बँकेत होत्या, काय चालत नाही ते इतरांना सांगणाऱ्या खात्यात. नवराही बँकेत, पण बहुतेक वेळ विमानात. मुलगी मेलबर्नला शिकत होती. सगळे त्यांना ताई म्हणत म्हणून मीही म्हणायचो, वयानं मोठा असूनही. त्या मला ‘अहो शेजारी’ म्हणत.

ताईंना मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. दुकानात एक स्टूल होतं, पण त्यावर कायम काहीतरी मांडलेलं. जपानी वाट्या, व्हिएतनामच्या वेताच्या टोपल्या, लाखेचे डबे, बाटिकचे रुमाल, खणाचे बटवे, सगळ्यांना त्या फिरवत राहायच्या. बोलता बोलता मध्येच थांबून एखादी किटली वीतभर डावीकडे सरकवणार, दोन पावलं मागे जाऊन बघणार, परत उजवीकडे आणणार. आपण सांगत असलेली गोष्ट तोवर थंड. संध्याकाळी एमआरटी मेट्रोतून उतरून घरी जाताना मी डोकवायचो, तेव्हा दुकान सकाळचंच असेल याची खात्री नसायची.

एकदा मी म्हटलं, हा लाल पेला गेल्या महिन्यापासून पाहतोय.

“अहो शेजारी, कालच आलाय.”

“कुठून?”

“खिडकीतून.”

तो आदल्या दिवसापर्यंत खिडकीत होता, आता मागच्या फळीवर आला होता. पेल्यापुढे ‘नवीन’ अशी चिठ्ठीही होती. खोटं काहीच नव्हतं.

दारावरच्या पाटीनुसार दुकानात ‘एशियन-इन्स्पायर्ड’ भेटवस्तू मिळत. आशिया खंडात उभं राहून आशियाकडून प्रेरणा घ्यायची म्हणजे नेमकं कुठे बघायचं, असं मी विचारलं होतं. हे खणाचे बटवे तर सरळ आपल्याकडचे. ताई हातातला बटवा घडी घालत, मग उलगडत म्हणाल्या, “एशियन म्हटलं की लोक आत येतात. इंडियन म्हटलं की भाव करतात.”

पण त्यांची खरी विद्या वस्तूंची नव्हतीच. कोणाला काय द्यायचं नाही, ही त्यांची विद्या. तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, ज्याला दुसऱ्यांचे सोवळ्याओवळ्याचे नियम स्वतःच्या घरच्यापेक्षा जास्त पाठ असतात. आंग मो किओ, टॅम्पिनीस अशा लांबच्या उपनगरांतून मराठी मंडळी त्यांच्याकडे सल्ल्याला यायची. नव्यानं आलेल्या इंजिनिअरांना तर कामाचा पास मिळाल्यावर कोणीतरी पत्ताच देत असावं.

माझे चिनी साहेब निवृत्त होत होते तेव्हा मी ताईंकडची बांबूच्या दांड्याची एक सुंदर कागदी छत्री उचलली. ताईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली. छत्री म्हणजे त्यांच्या भाषेत ताटातूट, हे त्यांना चालत नाही.

“मग विकायला कशाला ठेवलीय?”

“ती आपल्या लोकांसाठी.”

मी लाखेचा डबा दिला. साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, आभार मानले आणि न उघडता बाजूला ठेवला. मी खट्टू होऊन हे ताईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, बरोबर केलं त्यांनी, देणाऱ्यासमोर उघडलेलं त्यांना चालत नाही. आपल्या पुण्याच्या माणसाला काय चालत नाही, असं मी विचारल्यावर त्यांनी जराही विचार केला नाही. “मोठी भेट चालत नाही. परत करावी लागेल म्हणून चिडतो.” मी पुण्याचा आहे हे त्यांना माहीत होतं.

चालत नाही अशा वस्तूंत सर्वांत वर घड्याळ. चिनी भाषेत घड्याळ देणं आणि एखाद्याला अखेरचा निरोप देणं, दोन्हींचा उच्चार एकच होतो. म्हणून ताईंच्या दुकानात विकायला घड्याळ नव्हतंच, पण भिंतीवरही नव्हतं. चिनी गिऱ्हाईक आत येतं, उगाच त्याच्या डोळ्यांसमोर नको. परिणामी ताई दर पाच मिनिटांनी फोन काढून वेळ बघायच्या आणि लगेच विसरायच्या.

गाळ्याची मालकीण एक चिनी म्हातारी होती. सगळा ब्लॉक तिला आंटी म्हणायचा. पूर्वी याच गाळ्यात तिचं बादल्या, खिळे, बल्ब, दोऱ्या असं सगळं मिळणारं दुकान होतं. गुडघे गेले तेव्हा तिनं ते बंद करून जागा ताईंना भाड्यानं दिली. पण सवय मोडली नाही. रोज दुपारी पाचव्या मजल्यावरून खाली यायची आणि दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची. आतली सरकवासरकव बघून अधूनमधून म्हणायची, “यू. सिट.” ताई म्हणायच्या, “येस आंटी,” आणि टोपली उचलायच्या.

या दोघींची एक गंमत मला फार आवडायची. चिनी नववर्षाला संत्री द्यायची ती जोडीनं, हा आंटीकडचा रिवाज. आपल्याकडे ओटीत फळं घालायची ती पाच. पहिल्या वर्षी ताईंनी अभ्यास करून आंटीला दोन संत्री नेऊन दिली. आंटीनं केस कापायच्या दुकानातल्या तमिळ बाईकडे चौकशी करून ताईंना पाच आणून दिली. पुढे दर वर्षी हेच. दोघी एकमेकींचा रिवाज काटेकोर पाळायच्या आणि त्यासाठी स्वतःचा मोडायच्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणजे पुढे जे झालं त्याचा अर्थ मला तरी लागायला हवा होता.

भाडेकरार संपायला तीन महिने उरले तेव्हा बातमी आली की आंटी टॅम्पिनीसला मुलाकडे राहायला चालली. पाठोपाठ कोणीतरी सांगितलं की एक बबल टीवाला गाळा बघून गेला. ताईंच्या हालचाली दुप्पट झाल्या. एका संध्याकाळी सगळं दुकान रंगानुसार लावलं होतं, दुसऱ्या संध्याकाळी देशानुसार. आंटीच्या मुलाला त्यांनी फोन केला, तर तो म्हणाला, मम्मी ठरवेल.

मी म्हटलं, मग मम्मीला विचारा. ती रोज दुपारी तुमच्या दारात बसलेली असते.

“असं तोंडावर विचारलेलं त्यांना चालत नाही.”

“तुम्हाला दुकान हवंय ना?”

ताईंनी हातातली वाटी खाली ठेवली. “शेजारी, मुलगी गेली, नवरा आठवड्यातून दोन दिवस. या दुकानाशिवाय मी सकाळी उठून काय सरकवू?” आणि वाटी परत उचलली. आंटी आपणहून काहीतरी खूण देईल, ती आपल्याला ओळखता यायला हवी, एवढंच त्या म्हणाल्या.

खूण आली. आंटी जायच्या दिवशी मुलगा टॅक्सी थांबवून उभा होता. ती हळूहळू दुकानापर्यंत आली, लाल कागदात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी ताईंना दिलं, म्हणाली, “फॉर शॉप,” आणि गेली. ताईंनी अर्थातच तिच्यासमोर ते उघडलं नाही.

मी संध्याकाळी पोचलो तेव्हा ताई स्टुलावर बसल्या होत्या. स्टुलावरच्या वाट्या जमिनीवर होत्या. मांडीवर एक गोल भिंतीवरचं घड्याळ, लाल कडेचं, कोरं करकरीत.

“बघा,” त्या म्हणाल्या. “दुकानाला दिलंय.”

मी म्हटलं, म्हातारं माणूस आहे, सहज दिलं असेल, मी फोन लावून विचारतो. ताईंनी माझा फोन हातानं खाली केला. “चिनी बाई सहज घड्याळ देत नाही. तिनं एवढ्या सभ्यपणे सांगितलं, आता मी तिच्या तोंडून वदवून घेऊ?”

माझा शकुनांवर विश्वास नाही. पण त्यांच्या ज्ञानावर होता. मी फोन खिशात ठेवला.

त्याच आठवड्यात त्यांनी आंटीच्या मुलाला ईमेल पाठवली. मी ती वाचली होती. इतकी विनयशील होती की वाचणाऱ्याला वाटावं, ताईंनाच केव्हापासून जायचं होतं. मग माल निघाला. त्या दिवसांत दुकानात प्रथमच वस्तू जिथल्या तिथे राहिल्या. ज्या गेल्या त्यांच्या जागा रिकाम्या दिसायच्या. लाल पेला मी घेतला. ‘नवीन’ची चिठ्ठी त्यांनी त्यावर ठेवूनच दिली. नवऱ्यानं मेलबर्नला बदली मागून घेतली होती. मुलगीही तिथेच, तेव्हा सगळं छान जुळून आलं, असं त्या भेटेल त्याला सांगत होत्या.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला घड्याळ दिलं, दुकानाच्या पिशवीत घालून. न्यायचं नाही आणि टाकवतही नाही, म्हणाल्या. वर एक डॉलर मागितला. घड्याळ फुकट घ्यायचं नसतं, नाणं दिलं की विकत घेतल्यासारखं होतं आणि दोष लागत नाही.

“मी पुण्याचा, ताई. मला चालतं.”

“तरी द्या.”

मी नाणं दिलं. त्या ‘येते’ म्हणाल्या. लिफ्टजवळ पिशवीचा बंद तुटला.

चार महिन्यांनी आंटी दिसली. टॅम्पिनीसला दवाखान्यांचा तोटा नाही, पण तिला आमच्या ब्लॉकखालचाच डॉक्टर लागायचा. बंद शटरसमोर ती काठी टेकून उभी होती. बबल टीवाला आलाच नव्हता. तिनं मला विचारलं, ती का गेली? मुलाला तिनं सांगून ठेवलं होतं, भाडं तेच, राहू दे तिला. मग ईमेल आली, मुलाला वाटलं, तिलाच जायचंय.

मी घड्याळाचं सांगितलं. सांगताना माझाच आवाज मला मूर्ख वाटत होता. आंटीनं काठी उचलून शटरकडे दाखवलं.

“ऑल डे लुक हँडफोन, लुक हँडफोन,” ती म्हणाली. “शॉप नो क्लॉक. चायनीज, कॅनॉट गिव्ह. शी इंडियन. कॅन, लाह.” मग माझ्याकडे वळून विचारलं, “इंडियन ऑल्सो कॅनॉट?”

मी म्हणालो, इंडियन कॅन.

त्या रविवारी मी मेलबर्नला फोन केला आणि सगळं सांगितलं. पलीकडे चिनीमातीचं काहीतरी ओट्यावरून सरकल्याचा आवाज येत होता. मी बोलत होतो तसा तो थांबला.

“शेजारी,” त्या म्हणाल्या, “ते घड्याळ चालतंय ना?”

मी हो म्हणालो.

फोन ठेवल्यावर चपलांच्या कपाटातून पिशवी काढली. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती, कुठल्याही दुकानातल्या नव्या घड्याळांत वाजलेले असतात तसे. मागचं झाकण उघडून पाहिलं. त्याला एक पेन्सिल सेल लागतो. तो कोणी घातलाच नव्हता.