शालिनीताईंची सेटिंग्ज

"मॅडम, मले स्क्रीनवरचं काहीच दिसून नाही राहिलं."

फोनवर शालिनीताई होत्या. शहरातल्या सदर या भागातल्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये त्या रिपोर्ट टाइप करायच्या. डॉक्टर सोनोग्राफी बघून बोलणार, ते रेकॉर्ड होणार, आणि ताई हेडफोन लावून ते टाइप करणार. टाइप करायचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं. त्याचा सपोर्ट माझ्याकडे.

"मॉनिटरचा लाइट लागला आहे का ताई?"

"मॉनिटर चालू आहे. काल नवीन कॉम्प्युटर बसवले ना, तेव्हापासून अक्षरं बारीक झाले."

"मग सोपं आहे. वर सेटिंग्ज लिहिलंय, तिथे जा. त्यात डिस्प्ले..."

त्यांनी मला मधेच थांबवलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तेच तर वाचता येत नाही मॅडम."

मी गाडी काढली आणि सेंटरवर गेले.

काय झालं होतं ते सांगते. तुम्ही एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं मोठी केली, रंग बदलला, तर ते बंद करताना ही सगळी माहिती एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवली जाते. पुन्हा उघडलं की फाइल वाचायची आणि तुम्ही ठेवलं होतं तसं समोर आणायचं. आमची ही फाइल त्या-त्या कॉम्प्युटरवरच राहायची. मशीन बदलताना पेशंटचे रिपोर्ट सर्व्हरवर होते, ते सुरक्षित राहिले. सेटिंग्जची आठवण कोणालाच झाली नाही. जुनी मशीन्स व्हेंडरने उचलली आणि फॉरमॅट केली.

ताईंच्या खुर्चीत बसून मी एकेक विचारत गेले. बॅकग्राउंड काळा. अक्षरं पिवळी. साइज विचारला तर त्या म्हणाल्या, "वाढवत जा, मी सांगतो." मी वाढवत गेले. एका ओळीत जेमतेम चार शब्द मावायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "बस."

माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं, "डोळ्याच्या मधलं गेलं आहे. कडंकडंचं दिसते. डॉक्टरनं सांगतलं, आता आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ. इथं कोणाले सांगू नका मॅडम."

"नाही सांगत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या स्क्रीनकडे सरळ बघतच नव्हत्या. मान जरा वळवून, तिरक्या बघत होत्या. कोपऱ्यातलं टेबल, भिंतीकडे पाठ. स्क्रीन कोणाला दिसायचा नाही. खापरखेड्याहून रोज बसने येऊन-जाऊन त्या काम करत होत्या, आणि त्यांच्या टायपिंगबद्दल एकाही डॉक्टरची तक्रार नव्हती.

ऑफिसला येऊन मी आमच्या सरांना म्हटलं की सेटिंग्ज सर्व्हरवर ठेवू या. माणूस कोणत्याही मशीनवर लॉगिन करो, त्याची सेटिंग्ज त्याच्या मागे येतील.

"क्लायंटनं मागितलं का?" सरांनी विचारलं.

"नाही. पण परत मशीन बदलली तर परत हेच होईल."

"करून टाक. नवीन फीचर म्हणून दाखवू."

काम अवघड नव्हतं. ताईंच्या मशीनवर तपासलं, शेजारच्या मशीनवर तपासलं. दोन्हीकडे पिवळी अक्षरं आली. ताई म्हणाल्या, "आता कुठंही बसवलं तरी चिंता नाही." त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग डेमो ठरला. सेंटरच्या मीटिंग रूममध्ये भिंतीवर मोठा टीव्ही. तिथे मॅनेजर नितीनसर, दोन डॉक्टर, रिसेप्शनच्या मुली, सगळे टायपिस्ट. मी माझ्या लॉगिनने दाखवत होते. नितीनसर मधेच म्हणाले, "मॅडम, हे तर तुमचं तुम्हीच दाखवून राहिल्या. आमच्यातलं कोणी करू द्या ना. शालिनीताई, या."

"सर, मी दुसऱ्या युजरनं दाखवते," मी म्हटलं.

"काहून? त्या सीनियर आहेत. या ताई."

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. ताई उठल्या. पासवर्ड त्यांच्या बोटांत होता, तो न बघता टाइप केला. एंटर दाबलं.

फीचर बरोबर चाललं. सगळा टीव्ही काळा झाला आणि त्यावर हातभर पिवळी अक्षरं आली. एका पेशंटचं अर्धंच नाव मावलं. रिसेप्शनची एक मुलगी हसली आणि लगेच थांबली.

"हे बिघडलं का?" नितीनसरांनी विचारलं.

"टीव्हीमुळे होतं असं," मी म्हणाले. "स्केलिंगचा बग आहे. मी बघते."

ताई टीव्हीकडे मान तिरकी करून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडमचं बिघडलं नाही साहेब. मले असंच लागते."

डेमो तिथेच संपला.

नंतर नितीनसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. "मॅडम, तुम्हीच सांगा. एखादा आकडा चुकला तर पेशंटचं काय?"

"आजवर चुकला नाही ना सर. आणि डॉक्टर वाचूनच सही करतात."

"आजवर मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. उद्या काही झालं तर मी काय सांगू?"

ताईंना रिपोर्ट द्यायच्या काउंटरवर बसवलं. पाकिटावरची छापील नावं मोठी करता येत नाहीत. चुकीचं पाकीट द्यायची वेळ तिथे आली आणि काही दिवसांतच त्यांनी काम सोडलं. मी फोन केला होता. "तुमचा काही दोष नाही मॅडम, तुम्ही चांगलंच केलं," असं म्हणाल्या आणि मुलीच्या शाळेचं काही बोलत राहिल्या. नंतर मी फोन केला नाही.

आता आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या मशीनवर लॉगिन केलं की आधी विचारलं जातं, 'तुमची सेटिंग्ज इथे आणायची का?' खाली हो आणि नाही. अक्षरं मोठी ठेवली आहेत. क्लायंटची नेहमीची तक्रार असते की उगीच एक क्लिक वाढला. सरांनीही तो काढायला सांगितलं. मी खोटंच सांगितलं की काढला तर सिस्टिम स्लो होईल. हे कारण सगळ्यांना लगेच पटतं.