नुसतं तेल

भंगारवाल्याच्या हातगाडीवर ती मला दिसली तेव्हा तिच्या पोटात उंदरांनी घर केलं होतं. पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. आता पोरंसोरं तिला चेनसॉ म्हणतात आणि ती कोणाच्याही खांद्यावर दिसते. बाहत्तरच्या दुष्काळानंतरच्या त्या वर्षांत आमच्या वाशिमजवळच्या मालेगावात तशी वस्तू कोणी पाहिली नव्हती. वजन भरल्या घागरीएवढं, वरची परदेशी अक्षरं घासून गेलेली, सुरू करायची दोरी तुटलेली, साखळी गंजून एकजीव झालेली. भंगारवाला म्हणाला, "कायले नेतं बापा? वितळवाच्या लायकीची हाये." मी नेली. मला ती माझ्या भावासाठी पाहिजे होती.

माझा थोरला भाऊ लाकडं कापायचा. ओंडका मचाणावर चढवायचा, एकानं वर उभं राहायचं, एकानं खाली, आणि दोघांनी दिवसभर लांब करवत ओढायची. खालच्या माणसाच्या डोळ्यांत भुसा पडतो. भाऊ कायम खाली. एका उन्हाळ्यात ओंडका घसरला आणि त्याचा उजवा खांदा गेला. हात छातीच्या वर जाईना. आता एकच रस्ता राहिला होता, शेजारच्या गावच्या एका मोठ्या शेतकऱ्याकडं साल धरायचा. साल म्हणजे वर्षभर एकाच्या घरी राबायचं आणि त्याच्याच गोठ्यात झोपायचं. आमच्या बापानं अर्धा जन्म ते केलं, आणि छप्पन साली धम्म घेतला तेव्हा सोडलं. "माहे पोरं कोनाच्या गोठ्यात झोपनार नाईत," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. बाप मेल्यावर भाऊ तेच वाक्य म्हणायचा. आणि आता त्यालाच निरोप आला होता, पाडव्यापासून ये म्हणून.

मी मालेगावात पाण्याचे पंप आणि इंजिनं दुरुस्त करायच्या दुकानात कामाला होतो. दुपारी जेवण उरकलं की करवत उघडून बसायचो. पिस्टन असा चिकटला होता की आठ दिवस राकेलात बुडवून ठेवावा लागला. रिंगा मोडलेल्या होत्या. फटफटीच्या जुन्या रिंगा कानशीनं घासून बसवायला गेलो तर चार मोडल्या; पाचवी नीट बसली तेव्हा मला रडूच आलं. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोची कॉइल वाशिमहून नवी तार गुंडाळून आणली. कार्बोरेटरमधला पातळ पडदा फाटला होता. सायकलच्या ट्यूबचा कापून लावला, तर पेट्रोलनं फुगून त्याचं धिरडं झालं. शेवटी एका मोडक्या जीपमधला तेलकट कापडाचा पडदा मिळाला, तो बसवला. गिऱ्हाइकं हसायची. "अबे, मुडद्याले औषद पाजून राह्यला का?" मी शिवी हासडायचो आणि पुन्हा कानस उचलायचो.

साखळी भावानं केली. गंज निघाल्यावर दाते पाहून तो एकदम हरखला. "अबे, हे तं आपल्याच करवतीचे दाते हायेत!" खरंच, जुन्या घडणीचे, एक उजवीकडं वाकलेला तर पुढचा डावीकडं. ओट्यावर पाय पसरून, डाव्या हातानं, तो एकेक दात परजत बसायचा. वहिनी म्हणायची, "लेकराले कदी एवढं मांडीवर घेतलं नाई तुमी." तो म्हणायचा, "लेकरं हेच पोसनार हाये आता."

पाडव्याला दहा दिवस राहिले असताना ती सुरू झाली. एवढा धूर झाला की शेजारचा पानटपरीवाला पाण्याची बादली घेऊन धावत आला. भावानं ती कमरेजवळ धरली, बाभळीच्या ओंडक्याला लावली, आणि ओंडका काकडीसारखा कापला गेला. करवत बंद करून तो माझ्याकडं बघत राहिला. "खांदा दुखला नाई बे," म्हणाला, आणि ढसाढसा रडला. मीही रडलो, खोटं कशाला सांगू. ही गोष्ट केनवडच्या एका ठेकेदाराच्या कानावर गेली. त्यानं सांगून पाठवलं, बांधावरच्या सात बाभळी एका दिवसात पाडून दाखव, मग वर्षभर काम देतो.

आता एक शब्द समजून घ्या. असल्या इंजिनाच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, नाहीतर पिस्टन कोरडा पडून जळतो. दुकानात आम्ही त्याला 'आइल' म्हणायचो. घरी मात्र भाजीतलं ते गोडतेल आणि दिव्यातलं ते मातीचं तेल, म्हणजे राकेल. गोडतेल आमच्या घरात असून नसल्यासारखं, त्यामुळं नुसतं 'तेल' म्हटलं की राकेलच. त्यातून आमच्याकडचे कितीतरी पंप पेट्रोलवर सुरू करून राकेलवर चालवायचे, ते भावानं दुकानात बसून रोज पाहिलेलं.

केनवडला जायच्या सकाळी मला दुकानात जायची घाई होती. पहिली टाकी मीच भरून दिली. तोंडात भाकरीचा घास होता. म्हटलं, "हे सपलं का दुसरं पेट्रोल भरजो. अन् त्याच्यात वाटीभर तेल टाकाले भुलू नोको." घरात उभा होतो, घरचा शब्द तोंडात आला.

"वाटीभर ना?" त्यानं विचारलं.

"हो, वाटीभर." तो पोत्यात करवत गुंडाळून एसटीकडं गेला.

दिवस मावळायच्या आत तो थेट दुकानात आला. पोतं माझ्यासमोर ठेवलं. "तीन बाभळी मस्त पडल्या. टाकी भरली, चौथीले लावली अन् किंचाळली. मंग बंदच." मी दोरी ओढली. हलेना. टाकीचं झाकण काढलं आणि वास आला. राकेल! त्याच क्षणी मला माझं सकाळचं बोलणं आठवलं.

दुकानाचा मालक समोर बसला होता, दोन गिऱ्हाइकं उभी होती. इतके दिवस हसणारी तीच गिऱ्हाइकं. मी ओरडलो, "आइल सांगतलं होतं ना तुले! आइल! राकेल कोनं सांगतलं?"

भाऊ गोंधळला. ओठ हलवत त्यानं सकाळचं काहीतरी आठवून पाहिलं. मग म्हणाला, "सांगतलं असशीन. मलेच बराबर आयकू आलं नसन." मालक म्हणाला, "अरे, कान हायेत का भोकं?" सगळे हसले. मी पाना उचलून करवत उघडायला घेतली.

सिलिंडर आतून नांगरल्यासारखा झाला होता, पिस्टनचा एक तुकडा उडालेला. तसला पिस्टन मी अकोल्यापर्यंत शोधला. मिळणार कुठून? ठेकेदारानं दुसरी माणसं लावली. पाडव्याच्या सकाळी भाऊ घोंगडी घेऊन साल धरायला गेला. जाताना बापाचं ते वाक्य कोणी काढलं नाही.

तिथून पुढं तो कानामागं हात धरू लागला. कोणी काही सांगितलं की म्हणायचा, "दोनदा सांगा, आपल्याले कमी आयकू येते." साल धरलेल्या शेतकऱ्याच्या घरी त्याला बहिरा म्हणून हाक मारायचे आणि तो ओ द्यायचा. त्याची स्वतःची लेकरं त्याच्याशी ओरडून बोलायला शिकली. सांगून टाकू, असं मी किती वेळा ठरवलं! त्याच्यासमोर गेलो की पिकापाण्याचं बोलून परत यायचो. भित्रा होतो मी, दुसरं काय.

तीन-चार वर्षांनी मालेगावात कानाच्या डॉक्टरांचं शिबिर भरलं. वहिनीनं हट्ट धरला म्हणून मी त्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी कानाशी घड्याळ धरलं, मागं जाऊन हळूच बोलून पाहिलं, आणि हसून म्हणाले, "ह्यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

भाऊही हसला. "तुमाले मालूम नाई डाक्टरसाहेब. कान चांगले असते तं मी आज गोठ्यात नसतो. पुसा माह्या भावाले."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हटलं, "हो साहेब. कमीच आयकू येते त्याले."