गिरगावची ऑर्डर आणि सर्वांत उंच खांब

नाशिकहून निघाले तेव्हा पिशवीत दोन साड्या आणि चार स्केचपेनं होती. लालबागला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुनंदाच्या, चकल्या गिरगावातल्या दुकानातून परत येत होत्या. आणखी एक खेप परत आली तर ऑर्डर बंद, असं दुकानदाराने बजावलं होतं. त्या ऑर्डरवर चार बायकांची घरं चालतात. मी कारखान्यात मालाची तपासणी करते. म्हटलं, छडा लावल्याशिवाय परतायचं नाही.

परळला उतरून ऐटीत चालत सुटले, ती थेट एका रुग्णालयाच्या दारात!

"पेशंट कुठल्या वॉर्डात?" वॉचमनने विचारलं.

"पेशंट नाही हो, लालबागला जायचंय."

"मग उलटं आलात ताई. मागे फिरा, ब्रिजखालून सरळ."

सुनंदाच्या सासूबाईंनी, म्हणजे मावशींनी, गरम घावणे (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) वाढले. लाज सोडून पाच खाल्ले.

"चकली तुटते गं ताई, म्हणून रिटर्न येते. मी बॉक्सच चेंज करते," सुनंदा म्हणाली.

"अंदाज नको. परत आलेली पाकिटं काढ."

खाटेखालची सगळी पाकिटं फोडली. तुटलेली, तेलकट, अळणी, मऊ असे ढीग मोजले आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, जितका ढीग मोठा तितका उंच, असे उतरत्या क्रमाने खांब काढले. मऊ चकल्यांचा खांब कागदाबाहेर जायला निघाला. तुटलेल्यांचा जेमतेम बोटभर. सुनंदाचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी कामावर नजर ठेवून बसले. नळाला पाणी दुपारी चारला येतं. त्याआधी आवरायचं म्हणून मावशी कढईतली चकली गरमच पाकिटात भरत, पाकिटाचं तोंड बंद करत आणि हंडे घेऊन धावत. वाफ आतच कोंडायची आणि चकली मऊ पडायची.

बहिणीच्या सासूला चूक दाखवायची कशी? मला धीर होईना. तेवढ्यात मावशीच चष्मा लावून तक्त्यासमोर आल्या.

"ह्यो मोठो खांब माझोच मां? उद्यापासून पाणी सुनंदा भरतली. चकली थंड होईसर मी हयसून हलूचंय नाय." चकली निवेपर्यंत जागचं हलायचं नाही, हे त्यांनीच ठरवून टाकलं.

मऊपणा लगेच कळत नाही, म्हणून मुक्काम चार दिवसांनी वाढवला. मग नव्या पद्धतीने भरलेलं पहिलं पाकीट घेऊन मी आणि सुनंदा गिरगावात गेलो. दुकानदाराने चकली कानाशी धरून मोडली.

"हां, आवाज आला! माल चालू ठेवा."

सुनंदा भर दुकानात रडली.

परतीच्या बसमध्ये मावशीच डोळ्यांसमोर होत्या. कारखान्यात इतकी वर्षं मी असे तक्ते लावत आले. सर्वांत उंच खांब कुणाचा, यावर तिथे नुसती भांडणं होतात. तो माझा आहे, असं म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.